राजीनामे झाले, उत्तरदायित्वाचे काय?

दरवर्षी २६ नोव्हेंबर उजाडतो. मुंबईत हुतात्मा पोलिसांच्या स्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात, बिगूल वाजतो, राज्यकर्ते नतमस्तक होतात, वृत्तपत्रांतून सचित्र पुरवण्या निघतात. २००८ साली समुद्रमार्गे आलेल्या १० दहशतवाद्यांनी या महानगराला जवळजवळ ६० तास वेठीस धरले आणि १६६ निरपराध जिवांचा बळी घेतला. त्या बलिदानाचे स्मरण झालेच पाहिजे. परंतु स्मरणाच्या या सोहळ्यात एक प्रश्न मात्र दरवर्षी शिताफीने बाजूला सारला जातो. ज्यांच्या हाती शासनाची सूत्रे होती आणि आहेत, त्यांनी नागरिकांच्या प्राणरक्षणाची जबाबदारी घेतली म्हणजे नेमके काय केले? श्रद्धांजली हे कर्तव्याचे पर्यायी नाव झाले, की समाजाने सावध व्हायला हवे.

प्रजेचे रक्षण हे राज्यकर्त्याचे पहिले कर्तव्य होय, हा विचार या भूमीत पश्चिमेकडून आलेला नाही. भारतीय राजनीतिशास्त्राने राजाला मिळणारा कर हा त्याचा वंशपरंपरागत हक्क मानला नाही. तो प्रजेच्या रक्षणाबद्दल मिळणारे वेतन मानला. रक्षण न करता कर घेणारा राजा हा त्या दृष्टीने वेतन घेऊन काम न करणारा सेवकच. कौटिल्य तर याहून एक पाऊल पुढे जातो. चोरांनी नेलेला माल शोधून परत मिळवून देता आला नाही, तर राजाने तो आपल्या कोशातून भरून द्यावा, असा दंडक त्याने अर्थशास्त्रात घालून दिला आहे. अपयशाची किंमत प्रजेने नव्हे, राज्यकर्त्याने मोजायची, हा या दंडकाचा गाभा आहे. उत्तरदायित्व या शब्दाची याहून नेमकी व्याख्या आधुनिक राज्यशास्त्रालाही सापडलेली नाही.

महाराष्ट्राला तर दूर जाण्याचेही कारण नाही. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा शिवछत्रपतींनी त्याला दिलेली जबर शिक्षा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या कथेतील शिक्षेच्या कठोरतेचीच चर्चा अधिक होते. परंतु तिचे मर्म कठोरतेत नाही. दंडाची ती रीत त्या काळाची होती, आजच्या कायद्यात तिला स्थान नाही. मर्म आहे ते हे, की अपराधी हा कुणी परका शत्रू नव्हता; तो स्वतःच्या मुलखातला वतनदार होता, गावाचा कारभारी होता. ‘आपला माणूस’ म्हणून त्याला पाठीशी घातले गेले नाही. नुकतीच उभी राहू पाहणारी सत्ता आपल्याच पाटलाला दुखावण्यास कचरली नाही, म्हणून तिला स्वराज्य हे नाव शोभले. आजच्या राज्यकर्त्यांची कसोटी नेमकी याच ठिकाणी लागते आणि बहुतेक वेळा याच ठिकाणी ते अनुत्तीर्ण होतात.

२००८ च्या हल्ल्यानंतरचे चित्र आठवून पाहावे. जनक्षोभ एवढा तीव्र होता, की ३० नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी पद सोडले. दुसऱ्याच दिवशी राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील पायउतार झाले. मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतात, अशा आशयाचे त्यांचे उद्गार लोकांना जिव्हारी लागले होते. उद्ध्वस्त ताजची पाहणी करण्यास जाताना एका चित्रपट दिग्दर्शकाला सोबत नेल्यामुळे टीकेचे धनी झालेले मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही त्याच डिसेंबरात जावे लागले. एका आठवडाभरात तीन मोठी पदे रिकामी झाली. लोकांना वाटले, उत्तरदायित्वाचे नवे पर्व सुरू झाले.

पुढे काय झाले? मे २००९ मध्ये विलासराव देशमुख केंद्रात मंत्री झाले. नोव्हेंबर २००९ मध्ये आर. आर. पाटील पुन्हा राज्याचे गृहमंत्री झाले, तेही त्याच खात्याचे. जानेवारी २०१० मध्ये शिवराज पाटील पंजाबचे राज्यपाल झाले. म्हणजे हल्ल्यानंतर अवघ्या सव्वा वर्षाच्या आत तिघांचेही पुनर्वसन पूर्ण झाले होते. आपल्या आप्तांना गमावलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन इतक्या तत्परतेने झाले असेल काय? हा प्रश्न त्या तीन व्यक्तींच्या गुणदोषांचा नाही. आर. आर. पाटील यांची साधी राहणी आणि ग्रामस्वच्छतेचे त्यांचे काम त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले होते. प्रश्न आहे तो पद्धतीचा. राजीनामा हा अपयशाचा हिशेब देण्याचा आरंभ असायला हवा. येथे तो हिशेब टाळण्याचा मार्ग ठरला. क्षोभ शमेपर्यंत पडद्याआड जायचे आणि तो शमला, की पुन्हा रंगमंचावर यायचे, एवढाच त्याचा अर्थ उरला.

या पार्श्वभूमीवर लालबहादूर शास्त्रींचे स्मरण अपरिहार्य ठरते. १९५६ साली महबूबनगर येथे रेल्वे अपघात झाला, तेव्हा रेल्वेमंत्री शास्त्रींनी दिलेला राजीनामा पंतप्रधान नेहरूंनी स्वीकारला नाही. नोव्हेंबरमध्ये अरियालूरचा भीषण अपघात घडला आणि शास्त्रींनी पुन्हा राजीनामा दिला. या वेळी तो स्वीकारला गेला. रूळ काही शास्त्रींनी उखडले नव्हते, पूल त्यांनी बांधला नव्हता. परंतु खात्याच्या यशाचे श्रेय मंत्री घेतो, तर अपयशाचा भारही त्यानेच वाहिला पाहिजे, ही साधी नीती त्यांनी आचरली. तो राजीनामा जनक्षोभाने खेचून घेतलेला नव्हता, विवेकाने दिलेला होता. म्हणूनच सत्तर वर्षे होत आली, तरी तो स्मरणात आहे.

मात्र राजीनामा कितीही प्रामाणिक असला, तरी त्याने एकही बंदूक नवी येत नाही, एकही गस्तीनौका पाण्यात उतरत नाही. २६/११ चे खरे अपयश त्या तीन दिवसांचे नव्हतेच. ते १५ वर्षांचे होते. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. ते उतरवून घेताना ज्यांनी डोळ्यांवर कातडे ओढले, त्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी होते आणि पोलीसही होते. टाडा न्यायालयाने पुढे त्यांना दोषी ठरवले. १२ मार्च १९९३ रोजी त्याच स्फोटकांनी मुंबई हादरली आणि २५७ माणसे मृत्युमुखी पडली. समुद्र उघडा आहे आणि पहारेकरी विकत घेता येतो, हे दोन धडे त्या दिवशी राज्यकर्त्यांना मिळाले होते. सागरी सुरक्षेची योजना केंद्राने मंजूर केली ती २००५ साली, म्हणजे १२ वर्षांनी. आणि २००८ साली ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आलेले १० जण रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा त्यांना हटकले ते तेथील कोळी बांधवांनी. राज्ययंत्रणेचा पहारेकरी तेथे नव्हताच.

त्यानंतर शस्त्रसज्ज मारेकऱ्यांसमोर मुंबईचा पोलीस कोणत्या साधनांनिशी उभा राहिला, हे सर्वांनी पाहिले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांसमोर जुनाट रायफली आणि काठ्या होत्या. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्यासारखे अधिकारी धारातीर्थी पडले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलत कसाबला जिवंत पकडून दिले. त्यांच्या हाती होती ती केवळ लाठी. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दिल्लीहून येऊन कारवाईस लागेपर्यंत दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने पोलीस दलातील त्रुटींचे परीक्षण केले. गुप्तवार्तांची हाताळणी, ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन, शस्त्रसामग्री आणि वरिष्ठ पातळीवरील नेतृत्व या सर्वच बाबतींत उणिवा दाखवून दिल्या. खालच्या श्रेणीतील पोलिसाने प्राण पणाला लावले, वरची व्यवस्था मात्र तोकडी पडली, असे त्या रात्रीचे सार सांगता येईल.

हल्ल्यानंतर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. डिसेंबर २००८ मध्येच संसदेने राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा केला. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे तळ मुंबईसह अन्य महानगरांत उभे राहिले. महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे खास पथक उभारले. किनाऱ्याची जबाबदारी नौदल आणि तटरक्षक दल यांच्याकडे अधिक स्पष्टपणे सोपवण्यात आली. परंतु मुंबईच्या रस्त्यांवर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे जाळे बसवण्याचा जो संकल्प त्याच वेळी सोडला गेला, तो पूर्णत्वास जाण्यास २०१६ साल उजाडले. निविदा निघत राहिल्या, रद्द होत राहिल्या. मुख्यमंत्री बदलले, सरकारे बदलली. १० माणसांना एक शहर ओलीस धरण्यास ६० तास पुरले. त्या शहराला कॅमेरे देण्यास शासनास ८ वर्षे लागली. या ८ वर्षांचा जाब कोणाला विचारला गेला? कोणत्या मंत्र्याने, कोणत्या सचिवाने विलंबासाठी पद गमावले? एकानेही नाही. हल्ल्याबद्दल राजीनामा मागणारा समाज विलंबाबद्दल राजीनामा मागत नाही, हे राज्यकर्त्यांनी नीट ओळखले आहे.

सुरक्षेच्या प्रश्नाचे मूळ आणखी खोल आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचे पहिले दोन विषय आहेत. म्हणजे नागरिकाच्या दारापर्यंत पोहोचणारी सुरक्षा ही प्रथमतः राज्य सरकारची जबाबदारी होय. तो पोलीस कोणाचे ऐकतो? कायद्याचे, की बदलीचा कागद ज्याच्या खिशात आहे त्याचे? तालुक्याच्या ठाण्यातील निरीक्षकाला पक्के ठाऊक असते, की स्थानिक आमदाराच्या कार्यकर्त्यावर गुन्हा नोंदवला, तर पुढचा मुक्काम दूरच्या, अडगळीतल्या जागी असेल. मग तक्रार ‘चौकशीवर’ ठेवली जाते, फिर्यादीला दोन दिवसांनी यायला सांगितले जाते, कलमे सौम्य लावली जातात. मोठ्या गुन्ह्याची पायाभरणी अशा लहान माफीतूनच होत असते. ज्या गुंडाला पहिल्या मारहाणीत अभय मिळते, तोच पुढे खंडणी मागतो. आणि खंडणी पचली, की खून त्याला अवघड वाटत नाही.

हे दुखणे नवे नाही आणि त्यावरचे औषधही अज्ञात नाही. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले आणि पोलिसांना राजकीय हस्तक्षेपापासून संरक्षण देण्याचा मार्ग आखून दिला. ते अहवाल धूळ खात पडले. १९९३ च्या स्फोटांनंतर तत्कालीन गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या समितीने गुन्हेगारी टोळ्या, नोकरशहा आणि राजकारणी यांच्या साटेलोट्यावर नेमके बोट ठेवले. तो अहवालही संसदेपुढे आला तो जवळजवळ दोन वर्षांनी. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ रोजी. पोलीस महासंचालकांना आणि ठाणेदारापर्यंतच्या प्रत्यक्ष कामावरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, राज्य सुरक्षा आयोग, तक्रार प्राधिकरण, तपास आणि कायदा-सुव्यवस्था या कामांची विभागणी, असे स्पष्ट निर्देश न्यायालयाने दिले.

महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. मंडळे आली, कार्यकाळाची तरतूद आली. परंतु अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितास्तव आणि प्रशासकीय निकडीपोटी मुदतीपूर्वी बदली करण्याचा अधिकार त्याच कायद्याने सत्ताधाऱ्यांच्या हाती राखून ठेवला. दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली चोराच्याच हाती ठेवायची, असा हा प्रकार. ‘लोकहित’ आणि ‘निकड’ हे शब्द इतके लवचिक आहेत, की त्यांत कोणतीही बदली बसते. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. एकानेही ही पळवाट बुजवली नाही. विरोधात असताना जी तरतूद अन्यायकारक वाटते, तीच सत्तेत येताच सोयीची वाटू लागते. या बाबतीत सर्व पक्षांत अभेद्य एकमत आहे.

२०१२ च्या डिसेंबरात दिल्लीतील तरुणीवरील पाशवी अत्याचाराने देश पेटून उठला. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने महिनाभरातच अहवाल दिला. शासनाने त्यातील शिक्षा वाढवणाऱ्या शिफारशी तत्परतेने उचलल्या आणि २०१३ मध्ये कायदा केला. परंतु त्याच अहवालाने पोलीस सुधारणांचाही आग्रह धरला होता, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या व्यक्तींना निवडणुकीपासून दूर ठेवण्याचाही विचार मांडला होता. त्या पानांना कोणी हात लावला नाही. शिक्षेची वर्षे वाढवण्यासाठी राज्यकर्त्याला स्वतःकडील काहीच द्यावे लागत नाही. पोलिसाला मोकळे करण्यासाठी मात्र हातची सत्ता सोडावी लागते. कठोर कायद्यांच्या घोषणा उदंड होतात आणि पोलीस सुधारणा रखडतात, याचे रहस्य एवढेच आहे.

या दुर्लक्षाचे फळ न्यायालयात दिसते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, दीडशेहून कितीतरी अधिक प्रवासी घरी परतले नाहीत. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली. तो निकाल पायंडा म्हणून मानला जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्पष्ट केले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातील सातही आरोपी विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. दोन्ही प्रकरणांत आरोपी वेगळे, आरोप वेगळे, तपासाचा इतिहास वेगळा आणि समाजातील प्रतिक्रियाही परस्परविरुद्ध. कोणाला एका निकालाचा आनंद झाला, कोणाला दुसऱ्याचा. परंतु दोन्हीकडच्या मृतांचे आप्त एकाच ठिकाणी येऊन थांबले आहेत. आमच्या माणसाला मारले कोणी, हा त्यांचा प्रश्न १७ आणि १९ वर्षांनंतरही तसाच आहे. निरपराध माणूस तुरुंगात सडला असेल, तर तोही राज्याचा अपराध. आणि खरा मारेकरी मोकळा राहिला असेल, तर तो दुहेरी अपराध. जनक्षोभ शमवण्यासाठी ‘कोणीतरी’ पकडून दाखवण्याची घाई राज्यकर्ते करतात, तेव्हा पुढच्या दोन दशकांच्या अन्यायाचा पाया घातला जात असतो.

झटपट न्यायाचा मोहही याच कुळातला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची तक्रार नोंदवून घेण्यास दिरंगाई झाली आणि संतप्त नागरिक रुळांवर उतरले. पुढे महिनाभराने आरोपी पोलीस वाहनात गोळी लागून मरण पावला. काहींनी पेढे वाटले, राजकीय फलक झळकले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावरच प्रश्नचिन्ह उभे केले. त्या मुलींच्या पालकांना काय मिळाले? आरोपीविरुद्धचा खटला उभाच राहिला नाही. पहिली तक्रार वेळेवर का घेतली गेली नाही, हा मूळ प्रश्न गोळीच्या आवाजात विरून गेला. चकमकीने राज्यकर्त्याला टाळ्या मिळतात. नागरिकाला सुरक्षा मिळत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची अपहरण करून निर्घृण हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडून खंडणी वसूल करण्याच्या प्रकरणाशी तिचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे आणि त्या कटाचा सूत्रधार असल्याचा आरोप राज्यातील एका मंत्र्याच्या निकटवर्तीयावर आहे. कोण दोषी, हे न्यायालय ठरवील. परंतु मंत्र्याचा राजीनामा यायला मार्च २०२५ उजाडला. आणि तोही हत्येची छायाचित्रे लोकांसमोर येऊन महाराष्ट्र सुन्न झाल्यावर. छायाचित्रे बाहेर आली नसती तर? राज्यकर्त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी होण्यासाठी छायाचित्रांची गरज भासावी, यापरते दुर्दैव कोणते? एका निवडून आलेल्या सरपंचाला आपल्याच गावाच्या हद्दीत संरक्षण मिळत नसेल, तर मजुराच्या, विधवेच्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या सुरक्षेची हमी कोण देणार?

आता आकड्यांकडे पाहावे. उमेदवारांच्या शपथपत्रांचा अभ्यास करणाऱ्या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेनुसार स्वतःवर फौजदारी गुन्हे असल्याचे जाहीर करणारे लोकसभा सदस्य २००९ मध्ये १६२ होते, २०१४ मध्ये १८५, २०१९ मध्ये २३३ आणि २०२४ मध्ये २५१ झाले. म्हणजे ५४३ पैकी जवळजवळ निम्मे. यांतले काही गुन्हे आंदोलनांतले असतील, काही सूडबुद्धीने दाखल झालेले असतील. सर्वांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. परंतु चढत्या श्रेणीचा कल लपत नाही. गुन्हे नोंद असलेला उमेदवारच का निवडला, याची कारणे पक्षांनी जाहीर करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. पक्षांनी कारणे जाहीर केली. ‘लोकप्रियता’ आणि ‘सामाजिक कार्य’ हे शब्द त्यांत हमखास सापडतात. ‘निवडून येण्याची क्षमता’ हा निकष सर्व पक्षांनी देवघरात बसवला आहे. त्या देवतेला नैवेद्य मात्र सामान्य माणसाच्या सुरक्षेचा दाखवला जातो.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, मुदतीपूर्व बदलीचा प्रत्येक आदेश लेखी कारणांसह विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन कायद्यात घालावे. जो निर्णय उजेडात मांडता येत नाही, तो घेतला जाऊ नये. दुसरी, तपासाचे मनुष्यबळ बंदोबस्ताच्या मनुष्यबळापासून वेगळे करावे. सण, सभा आणि मंत्र्यांचे दौरे यांतून उरलेल्या वेळेत खुनाचा तपास होऊ शकत नाही. तिसरी, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे आणि साक्षीदार संरक्षणाची योजना आखण्यास राज्यांना सांगितले आहे. या तरतुदी कागदावर राहू द्यायच्या नसतील, तर प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि निधी लागेल. त्याची तरतूद किती झाली, हे अर्थसंकल्पात विचारले गेले पाहिजे. चौथी, गृहमंत्र्याने दरवर्षी सभागृहात रिक्त पदे, प्रलंबित तपास आणि आरोपसिद्धीचे प्रमाण यांचा जिल्हावार हिशेब द्यावा. राजीनामा ही वर्षाकाठी एखाद्या दुर्घटनेनंतर मागायची वस्तू नव्हे. हिशेब ही दरवर्षी मागायची गोष्ट आहे.

आणि शेवटची गोष्ट राज्यकर्त्यांच्या हातची नाहीच. ती समाजाच्या हातची आहे. विरोधी पक्षाच्या गुंडाविरुद्ध मोर्चा काढण्यास धैर्य लागत नाही. आपल्या विचाराचा म्हणवणारा नेता एखाद्या गुन्हेगाराला व्यासपीठावर बसवतो, त्याच्या वाढदिवसाचे फलक चौकात लागतात, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारण्याचे कर्तव्य त्याच विचाराच्या कार्यकर्त्याचे आहे. घराघरांतून चर्चा होते ती जात, पक्ष आणि लाटेची. उमेदवाराचे शपथपत्र वाचण्यास दहा मिनिटे दिली जात नाहीत. राष्ट्रभक्तीची भाषा बोलणाऱ्यांवर तर हे दायित्व अधिक आहे. राष्ट्र म्हणजे केवळ सीमा नव्हेत. रात्री कामावरून निर्धास्त परतणारी मुलगी आणि निर्भयपणे साक्ष देणारा शेतकरी, हेही राष्ट्रच आहे. आपला-परका न पाहता गुन्हेगाराला दूर ठेवण्याचा रांझ्याचा धडा सभेत सांगायचा आणि उमेदवारी देताना विसरायचा, ही आत्मवंचना होय.

तुकाराम ओंबळे यांनी त्या रात्री आपल्याकडे पुरेशी शस्त्रे आहेत काय, वरून आदेश आला आहे काय, हा प्रश्न आपले काम नाही काय, असा विचार केला नाही. हातातील लाठीनिशी त्यांनी आपल्या वाट्याचे कर्तव्य पूर्ण केले. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. एका सहायक उपनिरीक्षकाने जे उत्तरदायित्व प्राण देऊन निभावले, ते निभावण्यासाठी राज्यकर्त्यांना प्राण द्यावयाचे नाहीत. केवळ बदलीचा कागद खिशातून काढून ठेवायचा आहे आणि आपल्या गोतावळ्यातील गुन्हेगाराचा हात सोडायचा आहे. येत्या २६ नोव्हेंबरला स्मारकावर पुष्पचक्र वाहण्यासाठी जे हात पुढे होतील, ते हात एवढे तरी करण्यास धजावतात काय, हे नागरिकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. त्या हुतात्म्यांना तीच खरी श्रद्धांजली ठरेल.